हस बे, हस!

लिंडसे अँडरसनचा ‘ओ लकी मॅन!’ हा १९७३ चा ब्रिटिश पिच्चर जरीपटक्याच्या बाजारात राबणाऱ्या पोट्ट्यांना दाखवला पाहिजे. तीन तासांचा आहे, तरी बसवून दाखवा.

मिक ट्रॅव्हिस कॉफी विकतो. भांडवल काय, तर हसरं तोंड. आमच्याकडेही तेच मागतात. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांनी हा बाजार शून्यातून उभा केला, त्या कष्टाला मी नावं ठेवत नाही. पण शेजारच्या इंदोऱ्यातलं पोट्टं दिवसभर कापडाचे तागे उलगडतं, तेव्हा त्याला सांगतात, मेहनत कर, तूही गादीवर बसशील. गादी मालकाच्या पोराकडे जाते, हे काहून नाही सांगत?

मिक असाच भुलतो. पैशासाठी प्रयोगाला शरीर द्यायला जातो आणि जनावराच्या धडाला शिवलेलं माणसाचं डोकं बघून पळ काढतो. पुढे बड्या उद्योगपतीच्या पदरी राहतो. तो आफ्रिकेतल्या हुकूमशहाला बंडखोरांवर टाकायचं रसायन विकतो; तुरुंगात जातो मिक. शेवटी ऑडिशनला दिग्दर्शक म्हणतो, हस. मिक विचारतो, कशाला? फाडकन स्क्रिप्ट तोंडावर बसते. मग हसतो.

इथवर मी अँडरसनसोबत आहे. सुरुवातीचा मूक तुकडा तर जबरदस्त. मळ्यातला मजूर मूठभर कॉफीचे दाणे लपवतो, म्हणून त्याचे हात तोडतात. तो मजूरही माल्कम मॅकडॉवेलच, म्हणजे पुढचा मिक. कॉफी खुडणारा नि विकणारा, तोंड एकच.

पण तोंड कुणाचं? गोऱ्याचं. तो आफ्रिकी हुकूमशहासुद्धा गोरा आर्थर लोव, तोंडाला काळं फासून. एकेका नटाने तीन-तीन भूमिका करायच्या हा या पिच्चरचा खेळ आहे, मान्य. तरी साम्राज्यावर आसूड ओढताना काळ्या माणसाचं तोंडही उसनंच? वर लोवला बाफ्टा मिळालं.

म्हणून मला नागराज मंजुळेचा ‘झुंड’ (२०२२) जवळचा वाटतो. झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल देणाऱ्या विजय बारसेंवर बेतलेला, आपल्या नागपुरातला. वस्तीतली पोट्टी स्वतःच्याच तोंडाने पडद्यावर येतात. पोस्टरवर सगळ्यांत मोठा अमिताभ, हे खरंच. पिच्चरला पैसा त्याच तोंडावर मिळतो, दुसरं काय.

त्यातली रिंकू राजगुरूची आदिवासी पोरगी आठवा. परदेशी खेळायला पासपोर्ट पाहिजे, पासपोर्टला कागद पाहिजे. बाप-लेक दारोदार फिरतात, आम्ही आहोत याचा पुरावा गोळा करत. साहेब, आम्ही समोर उभे आहोत की! चालत नाही. अँडरसनला डोकं शिवलेलं जनावर कल्पावं लागलं. मंजुळेने नुसता कॅमेरा लावला.

मिकला निदान हसायला तरी सांगतात. ‘झुंड’मधल्या डॉनच्या वाटेत पोलिस केस आडवी येते. ती मिटवायला तो किती गोड हसणार?