साखर मोजली, जगण्याचे काय?

विशेष प्रतिनिधी, मुंबई

उपाशीपोटी साखर किती, जेवणानंतर किती आणि तीन महिन्यांची सरासरी किती, या तीन आकड्यांभोवतीच मधुमेहाची सारी चर्चा फिरत राहते. आकडे आटोक्यात असले की रुग्ण ‘बरा’ समजला जातो. मात्र त्या आकड्यांसाठी त्याला रोज काय किंमत मोजावी लागते, याची नोंद कोणत्याही केसपेपरवर होत नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह असून आणखी १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. शहरी भागातील प्रमाण १६.४ टक्के, तर ग्रामीण भागातील ८.९ टक्के आहे. शेजारच्या गोव्यात ते २६.४ टक्क्यांवर पोहोचले असून देशात सर्वाधिक आहे. एवढ्या मोठ्या समूहाचे जगणे कसे आहे, हा प्रश्न म्हणूनच केवळ वैद्यकीय उरत नाही.

या आजाराला सुट्टी नसते. गोळ्या, इंजेक्शन, पथ्य, व्यायाम, पायांची निगा आणि डोळ्यांची तपासणी हे सारे रुग्णाने स्वतःच आयुष्यभर सांभाळायचे असते. त्यातून येणाऱ्या थकव्याला आणि अपराधीपणाला वैद्यकशास्त्राने मधुमेहजन्य मनस्ताप असे स्वतंत्र स्थान दिले आहे. हे नैराश्य नव्हे. पण वेळीच ओळखले नाही तर औषधे चुकू लागतात आणि साखरही हाताबाहेर जाते. भारतासह १७ देशांत झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डॉन-२’ पाहणीत ४४.६ टक्के रुग्णांनी असा मनस्ताप नोंदवला. आजाराचा आपल्या जगण्यावर काय परिणाम होतो, हे उपचार करणाऱ्यांनी विचारल्याचे सांगणारे मात्र २३.७ टक्केच होते.

आपल्याकडे या मनस्तापाला घर आणि समाज यांचे अस्तर असते. संक्रांतीचा तिळगूळ नाकारला तर यजमानाला राग येतो आणि घेतला तर घरचे डोळे वटारतात. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी ‘हलकी’ म्हणून पुढे येते आणि साखर वाढवून जाते. घरातील स्त्री मधुमेही असली तर तिचे पथ्य सर्वांचा स्वयंपाक उरकल्यानंतरच सुरू होते. लहानपणापासून इन्सुलिनवर असलेल्या मुलींच्या बाबतीत लग्न ठरताना आजार लपवला जातो, आणि मग सासरी इंजेक्शनही लपूनच घ्यावे लागते.

दुसरा प्रश्न पैशाचा आहे. भारतीय रुग्णांच्या जीवनमानाचे मोजमाप करण्यासाठी देशातच तयार झालेल्या ‘क्यूओएलआयडी’ या प्रश्नावलीत आर्थिक चिंता आणि आहाराविषयीचे समाधान यांना स्वतंत्र स्थान द्यावे लागले, हे पुरेसे बोलके आहे. आयुष्मान भारत योजनेचे संरक्षण प्रामुख्याने रुग्णालयात दाखल होण्यापुरते आहे. म्हणजे पाय वाचवण्यासाठी रोज लागणाऱ्या गोळ्या व तपासणीच्या पट्ट्यांचा खर्च बहुतेकांना खिशातून करावा लागतो, आणि योजनेचा आधार मिळतो तो गुंतागुंत होऊन खाट धरल्यावर.

बदलाची चिन्हे अगदीच नाहीत असे नव्हे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ मध्ये मधुमेही विद्यार्थ्यांना बोर्डाच्या परीक्षेत खाद्यपदार्थ जवळ बाळगण्याची मुभा दिली. खर्च नगण्य, पण साखर एकाएकी उतरण्याच्या भीतीतून मुलांची सुटका करणारा हा निर्णय होता. कार्यालयात जेवणाची ठरलेली वेळ, इंजेक्शन घेण्यासाठी स्वच्छ आडोसा, बाह्यरुग्ण विभागात समुपदेशक या अपेक्षाही याच जातीच्या आहेत.

१९२१ मध्ये टोरांटोत इन्सुलिनचा शोध लागला आणि मृत्यूच्या दारातील मुले जगू लागली. जगवण्याचा प्रश्न तेव्हा सुटला. कसे जगायचे, हा प्रश्न शंभर वर्षांनंतरही रुग्णाच्या एकट्याच्या अंगावर टाकून व्यवस्था मोकळी होते. पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी अहवाल पाहण्याआधी ‘कसे चालले आहे?’ एवढे जरी विचारले, तरी सुरुवात झाली असे म्हणता येईल.