पदवी पर्यटनाची, वणवण नोकरीसाठी

पर्यटनाची पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलाला पहिल्याच मुलाखतीत विचारले जाते, कामाचा अनुभव किती? तिकीट आरक्षणाची संगणक प्रणाली चालवता येते का, व्हिसाची कागदपत्रे तपासता येतात का, सहलीचा माणशी खर्च काढता येतो का, विमान रद्द झाल्यावर चिडलेल्या प्रवाशाशी फोनवर बोलता येते का, हे तेथे पाहतात. तीन वर्षांच्या पाठांतराने यातले काही येत नाही. कामाच्या जागी उभे राहूनच ते येते.

पण ही जागा मिळते कोणाला? ज्याचा काका-मामा त्या धंद्यात आहे त्याला! पर्यटन व्यवसाय बहुतांशी खाजगी. राज्यघटनेच्या कलम १६(४) चे आरक्षण शासकीय सेवेपुरते. ट्रॅव्हल कंपनीच्या दारात ते थांबते. आपल्या वस्तीतला मुलगा घरातला पहिलाच पदवीधर, त्याची ओळख कोठून असणार? मग 'प्रशिक्षण' या गोंडस नावाखाली त्याला महिनोन्महिने फुकट राबवून घेतले जाते. कल्याणहून मुंबईचा लोकलचा पास, डबा, कडक इस्त्रीचे कपडे, सगळे आईबापांच्या खिशातून. ज्याला हे परवडत नाही त्याला अनुभव नाही, आणि अनुभव नाही म्हणून नोकरी नाही. वर त्यालाच 'गुणवत्ता' ऐकवायची!

कायदा मात्र वेगळे सांगतो. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात २०१४ च्या दुरुस्तीने बिगर-अभियांत्रिकी पदवीधरही आले. २०१९ च्या सुधारित नियमांप्रमाणे ३० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. करार नोंदवलेल्या उमेदवाराला दरमहा विद्यावेतन द्यावेच लागते. म्हणून तोंडी आश्वासनावर राबू नका, नोंदणीकृत करार मागा.

राज्य शासनाने २०२४ च्या पर्यटन धोरणात दहा वर्षांत १८ लाख रोजगारांचे लक्ष्य जाहीर केले. त्यात आपला वाटा किती? कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याणच्या दात्यांची नावे कोरलेली आहेत. कल्याणजवळ लोनाडची लेणी आहेत. हा इतिहास परदेशी पाहुण्याला त्याच्या भाषेत सांगणारा मार्गदर्शक आपल्यातून का घडू नये? अजिंठा-वेरूळच्या विकासासाठी १९९२ आणि २००३ मध्ये जपानचे कर्ज घेतले गेले. रस्ते झाले, इमारती झाल्या; पण जपानी बोलणारी आपली मुले किती घडवली? बार्टीने इंग्रजी, जपानी संभाषणाचे आणि तिकीट आरक्षणाचे वर्ग कल्याण-उल्हासनगरसारख्या शहरांत चालवले पाहिजेत. ही मागणी संघटनांनी लावून धरावी.

पालकांनीही प्रवेशाची फी भरण्यापूर्वी महाविद्यालयाला विचारावे : गेल्या वर्षी किती मुलांना, कोठे, किती पगारावर काम मिळाले? विद्यावेतनासह प्रशिक्षण कोठे देणार? उत्तर लेखी घ्यावे. जे महाविद्यालय लेखी देत नाही, तेथे कर्ज काढून फी भरू नये.