मॉनिटर

आमच्या मंडळीत सध्या दोन पक्ष पडले आहेत. एक दिवेवाल्यांचा आणि दुसरा डबीवाल्यांचा. ‘मंडळी’ या शब्दावरून गैरसमज नको. आम्हां मराठी ख्रिस्ती लोकांत रविवारच्या उपासनेला जमणाऱ्या साऱ्या मेळाव्याला मंडळी म्हणतात. पाळकसाहेब ‘मंडळीहो’ म्हणाले, की त्यात पुढच्या बाकावरचे मानकरी आले, तसेच पहिलं गीत संपता संपता हळूच दार लोटून शेवटच्या बाकावर टेकणारेही आले. मी शेवटच्या बाकावरचा. आठवडाभर बँकेच्या काउंटरमागे सगळ्यांच्या तोंडासमोर बसणाऱ्या माणसाला एक दिवस सगळ्यांच्या पाठीमागे बसावंसं वाटलं, तर त्यात अधर्म नाही.

तर वाद आहे विजेच्या गिटारवरून. ती उपासनेत असावी की नसावी, हा नव्हे. तो केव्हाच मिटला. कुणी कुरकुर केलीच, तर तरुण संघातली मुलं बायबल उघडून १५०वं स्तोत्र पुढे करतात. त्यात कर्णा आहे, वीणा आहे, डफ आहे, पावा आहे, आणि झांजा तर चांगल्या दणदणीत आहेत. गिटार ‘तंतुवाद्ये’ या खात्यात बिनबोभाट जमा होते. विजेविषयी स्तोत्रकर्त्याने काहीच लिहून ठेवलेलं नाही, एवढ्या एका शेऱ्यावर म्हाताऱ्यांचा अर्ज निकालात निघाला.

आता भांडण आहे, ते तारेचा आवाज माणसाच्या कानापर्यंत न्यायचा कसा, याचं. विजेच्या गिटारला सतारीसारखा भोपळा नसतो. ती नुसती छेडली, तर जेवणाच्या डब्याला रबर ताणून टिचकी मारावी इतपतच वाजते. तारांखाली चुंबक असतं, त्याभोवती बारीक तारेचं वेटोळं असतं. त्यातून जो इवलासा प्रवाह निघतो, तो वाढवायला अ‍ॅम्प्लिफायर लागतो. हा अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे सभेतला कर्णा नव्हे. तो आवाज नुसता मोठा करत नाही, त्याला रंग चढवतो. चहा उकळल्यावर दुधाचं जे होतं, ते गिटारच्या आवाजाचं इथे होतं.

दिवेवाल्यांचं म्हणणं असं, की हा रंग फक्त काचेच्या व्हॉल्व्हवर चालणाऱ्या जुन्या पद्धतीच्या अ‍ॅम्प्लिफायरलाच येतो. मागून पाहिलं तर त्यात लालसर दिवे मिणमिणताना दिसतात. वेदीच्या बाजूला आणखी काही दिवे लागले, तर माझी हरकत नाही. पण या दिव्यांची एक खोड आहे. पुरेसं पेटल्याशिवाय ते गोड बोलत नाहीत. इंग्लंडचा व्हॉक्स एसी-३० हा या जातीचा नामांकित अ‍ॅम्प्लिफायर. वजन तीस किलोच्या वर, आत बारा-बारा इंची दोन स्पीकर, आणि ताकद तीस वॉट. तीस वॉट ऐकायला किरकोळ वाटतात. पण शंभर-सव्वाशे माणसांच्या दालनात ते ऐकायला किरकोळ राहत नाहीत. पहिल्या बाकावरचे लोक तेव्हा प्रभूला शरण जातात ते भक्तीने की दुसऱ्या कारणाने, हे सांगणं कठीण.

डबीवाले नव्या मनूतले. त्यांच्याकडे अ‍ॅम्प्लिफायरच नाही. त्याऐवजी पायाशी एक बटणांची डबी असते, तिला मॉडेलर म्हणतात. आत एक छोटा संगणक असतो. ‘हीच तार अमक्या अ‍ॅम्प्लिफायरमधून, तमक्या स्पीकरमधून गेली असती, तर कशी वाजली असती’, याचं गणित तो क्षणात करतो आणि उत्तर थेट मिक्सरकडे पाठवतो. १९९८ साली लाइन सिक्स या अमेरिकन कंपनीचा ‘पॉड’ आला, तो दिसायला थेट राजम्याचा लाल दाणा. २०११ साली जर्मनीचा केम्पर आला. तो तर खऱ्या अ‍ॅम्प्लिफायरचा ठसाच घेऊन ठेवतो, आमच्याकडे नमुना-सही घेऊन ठेवतात तसा. २०१५ साली हेलिक्स आला. तीस किलोचं काम आता पाठीवरच्या पिशवीत मावतं आणि रिक्षावाला सामानाचे जास्त पैसे मागत नाही.

आता माझा पक्ष सांगतो. मी तिसऱ्या पक्षाचा, म्हणजे मागच्या बाकाचा. माझं म्हणणं असं, की डबी निर्दोष आहे. इतकंच नव्हे, तर आमच्यासारख्या लहान चर्चला डबीच योग्य आहे. आवाजाची लगाम मिक्सरवर बसणाऱ्या मुलाच्या हाती राहते, आणि गिटारवाल्याला गोड वाजवण्यासाठी मोठ्याने वाजवावं लागत नाही. ‘यंत्राने आत्मा जातो’ हे दिवेवाल्यांचं रडगाणं मी बँकेत ऐकलेलं आहे. जाडजूड लेजरं जाऊन संगणक आले, तेव्हा आमच्यातले जुने लोक म्हणाले, कामातला आत्मा गेला. आत्मा कुठेही गेला नाही. तो लेजरच्या पुठ्ठ्यात नव्हताच. संध्याकाळी जमाखर्च जुळण्यात होता, आणि अजूनही तिथेच आहे.

आणि यंत्रावर राग काढायची आपली रीत जुनी आहे. आज जी बाजाची पेटी आपण अगदी घरची समजतो, ती युरोपातून आलेली. तिच्यावर मींड निघत नाही, श्रुती बसत नाहीत, म्हणून ऑल इंडिया रेडिओने १९४० साली तिला दाराबाहेर काढलं, आणि तिची शिक्षा सैल व्हायला १९७१ उजाडावं लागलं. तेवढ्या काळात भजनी मंडळांतून ती कुणी हलवली नाही. कारण पेटीने कुणाचं गाणं बंद पाडलं नव्हतं.

माझी तक्रार इथेच सुरू होते. तक्रार डबीबद्दल नाही, मॉनिटरबद्दल आहे.

आमच्या शाळेत मॉनिटर असायचा, तो वर्गात गडबड करणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायचा. चर्चमधला मॉनिटर स्वतःच गडबड करतो. वादकाला स्वतःचं वाजवणं ऐकू यावं, म्हणून त्याच्या पायाशी पाचरीसारखा तिरपा स्पीकर ठेवतात, तो मॉनिटर. गिटारवाला म्हणतो, मला मी थोडा जास्त दे. ते ऐकून कीबोर्डवाली म्हणते, आता मला मी ऐकू येत नाही. गाणारा म्हणतो, मग मी काय पाप केलं? गोंगाटात माणूस आपोआप आवाज चढवतो, हे एत्येन लोंबार नावाच्या फ्रेंच कानाच्या डॉक्टरने १९११ सालीच सांगून ठेवलं. एक तारखेला पेन्शनच्या रांगेसमोर बसलेल्या कोणत्याही कॅशियरने ते फुकट सांगितलं असतं.

यावर उपाय म्हणून कानात घालायचे मॉनिटर आले. प्रत्येकाच्या कानात बोंडं, आणि बोंडांत त्याला हवा तसा हिशेब. डबीवाल्याला तर ती हवीतच, कारण अ‍ॅम्प्लिफायर नसल्यामुळे त्याची गिटार व्यासपीठावर वाजतच नाही. व्यासपीठ शांत झालं, हा मोठाच फायदा. पण ही बोंडं कान घट्ट बंद करतात. त्यामुळे वादकाला स्वतःची गिटार स्वच्छ ऐकू येते, ड्रम ऐकू येतात, तालाची टिकटिक ऐकू येते. ऐकू येत नाही ती एकच गोष्ट, म्हणजे मंडळी. समोर शंभर माणसं गाताहेत की जांभया देताहेत, हे त्याला डोळे उघडल्याशिवाय कळायला मार्ग नाही, आणि भक्तिगीत वाजवताना डोळे मिटायचे अशी अलीकडची पद्धत आहे.

त्यात पुन्हा आवाजाच्या पडछाया. एक सूर वाजवला की डबी त्याचे चार-पाच सूर करून देते, प्रत्येक मागच्यापेक्षा ठरावीक प्रमाणात लहान. मी बी.कॉम. झालो आहे, आमच्या पुस्तकात याला घटत्या शिल्लक पद्धतीचा घसारा म्हणतात. आयर्लंडच्या यू-टू बँडमधल्या ‘द एज’ने हा प्रकार १९८०च्या दशकात गाजवला, आणि पुढे सिडनीच्या हिलसाँगसारख्या चर्चच्या गीतांबरोबर तो देशोदेशीच्या उपासनांत पोचला. कानाला गोड आहे, मी नाही म्हणत नाही. पण दोन ओळींच्या मध्ये मंडळीने श्वास घ्यायचा, एकमेकांचा सूर पकडायचा, अशी जी रिकामी जागा असते, ती या घसाऱ्याने भरून जाते. मागच्या बाकाला वाटतं, अजून त्यांचंच चालू आहे. आपण कशाला मध्ये तोंड घाला?

हे ‘कशाला मध्ये’ मला फार लागतं. आमची थोरली मावशी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. ‘उपासना-संगीत’मधलं गीत तिला क्रमांकावरून आठवतं, पुस्तक हाती घेते ते केवळ रिवाज म्हणून. ना. वा. टिळकांनी आपल्या मातीतली भजनं मंडळीच्या तोंडी दिली, आणि १९१९ साली ते गेल्यावर शंभर वर्षं ती तोंडांतच राहिली. बऱ्याच मावश्यांना सुरांची लिपी येत नव्हती, तरी चाल कुठे चुकली नाही, कारण शेजारचीचा सूर कानावर होता. परवा उपासना संपल्यावर मी तिला विचारलं, “मावशी, हल्ली गात का नाहीस गं?”

“अरे, मला माझाच आवाज सापडत नाही,” ती म्हणाली. “शेजारचीचाही नाही. छान वाजवतात पोरं. ऐकते मी.”

ऐकते मी! जन्मभर जी गायली, ती आता श्रोता झाली, आणि तक्रारसुद्धा करत नाही. आमच्या धंद्यात द्विनोंदी पद्धत असते. प्रत्येक नावेला जमा हवी. ती पहिल्यांदा छापून मांडली लुका पाचोली याने, १४९४ साली, व्हेनिसमध्ये; आणि हा गृहस्थ फ्रान्सिस्कन पंथाचा साधू होता. म्हणजे हा हिशेब धर्माला परका नाही. व्यासपीठाने दिलं आणि मंडळीने परत दिलं, तर उपासना जुळली. इथे एकाच बाजूची नोंद चालली आहे, आणि ताळेबंद पाहायला कुणी कानच मोकळा ठेवलेला नाही.

आमच्या गिटारवाल्याला मी हे सांगितलं. मुलगा गुणी आहे, नम्र आहे. म्हणाला, “काका, तुम्हाला टोन नाही कळत.”

म्हटलं, “बाबा रे, टोन नाही कळत. तोल कळतो.”

दुसरा आक्षेप असा, की गिटारमुळे तरुण येतात. येतात, आणि यावेतच. पण शेवटच्या बाकावरून मला त्यांचीही तोंडं दिसतात. तीही मिटलेलीच असतात. येणं एक आणि गाणं एक. खातं उघडलं म्हणजे व्यवहार झाला असं होत नाही. तिसरा आक्षेप माझ्या वयावर आहे. तर कानाचं कोष्टक वयाकडे पाहत नाही. अमेरिकेतल्या एनआयओएसएच या कामगार-आरोग्य संस्थेच्या हिशेबाने ८५ डेसिबलला आठ तास, आणि पुढे दर तीन डेसिबलला मुदत निम्मी. ९४ला एक तास उरतो, १००ला पंधरा मिनिटं. हे व्याज कापून घेताना निसर्ग ज्येष्ठ नागरिकांना सवलत देत नाही, तसा तरुण संघालाही देत नाही.

बरं, कानातलं एक बोंडं काढून ठेवावं, तर तेही बरोबर नाही. मग उरलेल्या कानात मुलं आवाज चढवतात आणि तोच कान आधी जातो.

तेव्हा मागच्या बाकाच्या मागण्या थोडक्यात अशा. एक मायक्रोफोन वर टांगून त्याचं तोंड बाकांकडे करावं, आणि त्याचा आवाज फक्त वादकांच्या कानांत सोडावा. मोठ्या स्पीकरांत नको, शिट्टी वाजेल. म्हणजे मंडळी गाते की नाही, हे डोळे मिटूनही कळेल. आवाजाची पातळी शनिवारच्या रिकाम्या दालनात ठरवू नये. माणसं आणि त्यांचे कपडे आवाज शोषतात, म्हणून रविवारी मिक्सरवरच्या मुलाने पहिल्या गीताला उठून शेवटच्या बाकापाशी यावं. मी सरकून जागा देईन. त्याला शेजारच्या माणसाचं गाणं ऐकू आलं, तर पातळी बरोबर, नाहीतर उतरवावी. पडछाया गाणाऱ्यांच्या श्वासापुरत्या थांबवाव्यात, डबीत त्याचंही बटण आहे. आणि दर रविवारी एका गीताचं एक कडवं विजेवाचून गावं. याला खर्च एक मायक्रोफोन, एक वायर आणि थोडा धीर. पंच कमिटीसमोर ठराव आणावा लागेल एवढीही ही रक्कम नाही.

मग दिवेवाल्यांनी काय दिवे लावायचे ते लावावेत, डबीवाल्यांनी डब्या उघडाव्यात. आमची दोघांनाही ना नाही. मात्र आमच्या पक्षाचं मत विचारायला याल, तेव्हा कानातलं काढून या. आम्ही हळू बोलतो, आणि मावशी तर त्याहूनही हळू.