मुख्याध्यापकांनाही शिकू द्या

बडोद्यात राजालाही आधी शिकवलं आणि मगच कारभार हातात दिला. कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळ, म्हणजे पुढचे सयाजीराव महाराज, १८७५ साली राजघराण्यात दत्तक आला, तेव्हा त्याला लिहिता-वाचताही येत नव्हतं. एलियटसाहेबांनी सहा वर्षं त्याचा अभ्यास घेतला. दिवाण टी. माधवरावांचं तेवढ्यावर भागलं नाही. डिसेंबर १८८१ मध्ये सयाजीरावांना पूर्ण अधिकार मिळाले, त्याआधी माधवरावांनी त्यांना राज्य चालवण्यावरच व्याख्यानं दिली. दिवाण कसा निवडावा, वाड्यावरचा खर्च आटोक्यात कसा ठेवावा, कान भरणाऱ्यांपासून कसं सावध राहावं, असे अगदी कामाचे विषय होते. ती व्याख्यानं ‘मायनर हिंट्स’ नावाने छापलीही गेली.

पुढे सयाजीरावांनी हीच रीत चालवली. राज्यभर ग्रंथालयं काढायची म्हणून १९१० साली त्यांनी अमेरिकेहून बॉर्डन या ग्रंथालयतज्ज्ञांना बोलावलं. बॉर्डननी लगेच पुढच्या वर्षी ग्रंथपालांना शिकवण्याचा वर्ग सुरू केला. पुस्तकं आणि कपाटं विकत मिळतात, ती सांभाळणारा माणूस मात्र तयार करावा लागतो, हे त्या दोघांना कळत होतं.

आता आपल्या शाळांकडे या. वीस-बावीस वर्षं गणित किंवा मराठी उत्तम शिकवलेल्या बाई असतात. महिनाअखेरीला आधीचे मुख्याध्यापक निवृत्त होतात आणि एक तारखेला बाई त्यांच्या खुर्चीत बसतात. हातात येतो किल्ल्यांचा जुडगा, शिक्का, जनरल रजिस्टर, डेड स्टॉक, कॅशबुक आणि संगणकाचे पासवर्ड लिहिलेली एक वही. सकाळी पाण्याची मोटर बंद पडलेली असते, दुपारी सरकारच्या यू-डायस नोंदणीची माहिती भरायची असते, मधल्या सुट्टीत एक पालक चिडून आलेले असतात. बाईंचे कालचे सहकारी आज त्यांच्या सहीची वाट बघत उभे असतात. यातलं काहीही त्यांना बी.एड.ला शिकवलेलं नव्हतं. गुजरातमध्ये मुख्याध्यापकपदासाठी एचटाट आणि एचमाट या परीक्षा आहेत, ही चांगली गोष्ट आहे. पण परीक्षेने माणूस निवडला जातो, तयार होत नाही.

याची किंमत मुलं मोजतात. एक साधी गोष्ट घ्या. प्रशिक्षण न मिळालेले मुख्याध्यापक वर्गात जातात ते बहुतेक सूचना द्यायला, नाहीतर गोंगाट थांबवायला. ज्यांना वर्ग बघायला शिकवलेलं असतं, ते शेवटच्या बाकावर जाऊन पाऊण तास बसतात आणि तास चालू असताना तोंडही उघडत नाहीत. प्रश्न कोणाकोणाला विचारले, याची वहीत खूण करतात. मग सुट्टीत त्या शिक्षिकेला बाजूला बसवून सांगतात, “बाई, आज तुमचे सगळे प्रश्न पहिल्या दोन बाकांपाशीच थांबले. मागची मुलगी तीनदा हात वर करत होती, बघितलंत का? पुढच्या आठवड्यात मी परत येते.” आणि खरंच परत जातात. एवढ्याने शिक्षक बदलतो. ही शिकून येणारी, सरावाने पक्की होणारी गोष्ट आहे. ती आपोआप येईल, असं धरून चालणं हा त्या बाईंवरही अन्याय आहे.

दुसरी गोष्ट लिहिताना हात जड होतो, पण बडोद्यात राहून ती टाळता येत नाही. १८ जानेवारी २०२४ ला हरणी तलावात सहलीची बोट उलटली. १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. दोष कोणाचा, हे न्यायालय ठरवील. पण त्या दिवसानंतर प्रत्येक शाळेने स्वतःला विचारायला हवं की सहलीच्या कागदावर सही करणाऱ्याला काय काय तपासायचं असतं, हे कोणी शिकवलं आहे का? बोटीत किती माणसं बसवायची परवानगी आहे, लाइफ जॅकेट मुलांच्या मापाची आणि पुरेशी आहेत का, नाही म्हणायचा अधिकार जागेवर कोणाला आहे? पॉक्सो कायद्याखाली तक्रार आली तर पहिल्या तासात काय करायचं, आग लागली तर कोणता जिना वापरायचा, हेही त्यातच येतं. हे प्रसंग घडल्यावर शिकायचे नसतात.

सरकारने काहीच केलं नाही, असं मी म्हणणार नाही. दिल्लीची निपा ही संस्था शिक्षणाधिकारी आणि मुख्याध्यापकांसाठी काम करते. तिचं मूळ १९६२ चं आहे. २०१२ पासून शालेय नेतृत्वासाठी तिथे वेगळं केंद्र आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने मुख्याध्यापकांनाही दर वर्षी किमान ५० तासांचं प्रशिक्षण सांगितलं आहे. दीक्षा या सरकारी पोर्टलवरचे अभ्यासक्रम फुकट आहेत. आपल्या सयाजीराव विद्यापीठात शिक्षणशास्त्राचं प्रगत अध्ययन केंद्र आहे, आणि अहमदाबादच्या आयआयएममध्येही शाळाप्रमुखांसाठी वर्ग होतात. सिंगापूरमध्ये तर मुख्याध्यापक होऊ शकणाऱ्यांना पूर्ण वेळ काही महिने शिकायला पाठवतात.

अडतं ते शाळेच्या दारात. मुख्याध्यापक तीन दिवस बाहेर गेले तर सही कोण करणार, म्हणून ट्रस्टी सोडत नाहीत. सोडलंच तर सभागृहात दोनशे माणसांपुढे पडद्यावर वाचून दाखवलेलं भाषण ऐकून ते परत येतात. शिक्षक प्रशिक्षणाला कंटाळलेत ही तक्रार मला पूर्ण मान्य आहे, आणि असल्या भाषणांसाठी एक दिवसही वाया घालवू नये असं माझं मत आहे. ५० तास मोबाइलवर पुढे पुढे सरकवून प्रमाणपत्र छापलं, तर शाळेत काही बदलत नाही. खरा उपयोग होतो तो चांगल्या मुख्याध्यापकाच्या हाताखाली राहून. दुसऱ्या शाळेत पंधरा दिवस त्यांच्यामागे फिरायचं, पालकसभा कशी घेतात ते बघायचं, हिशोब सोबत बसून करायचा, आणि मग आपल्या शाळेत ते करताना अडलं तर फोन करायचा.

म्हणून ही विनंती तुम्हा सगळ्यांना.

पालकांनो, सरकारी आणि महानगरपालिकेच्या शाळांच्या व्यवस्थापन समितीत शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि शाळेचा विकास आराखडा करणं हे त्या समितीचंच काम आहे. आराखड्यात आपण संरक्षक भिंत, पंखे, नळ लिहितो. त्यात मुख्याध्यापकांच्या प्रशिक्षणाचीही ओळ लिहा: कुठे, कधी, किती दिवस, आणि तेवढे दिवस शाळा कोण बघणार. परत आल्यावर त्यांना विचारा, काय नवीन सुरू करताय? उलटतपासणी करू नका, आपुलकीने विचारा.

ट्रस्टींनो, आपल्या मराठी शाळा पटसंख्येसाठी झगडताहेत. अशा वेळी रंगरंगोटीच्या आधी मुख्याध्यापकांवर खर्च करा. आणि निवृत्तीला एक वर्ष असतानाच पुढची व्यक्ती ठरवा, म्हणजे तिला जुन्यांच्या शेजारी बसून शिकता येईल.

शिक्षकांनो, ज्येष्ठता यादीत तुमचं नाव वर आलं असेल तर वाट बघत बसू नका. आत्तापासून हिशोबाला बसा, एखादी पालकसभा तुम्ही घ्या, एखाद्या सहकाऱ्याचा वर्ग त्याच्या संमतीने बघा.

जूनमध्ये शाळा उघडतील. त्याआधी समितीची किंवा ट्रस्टची एक तरी सभा होईलच. त्या सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय तुम्ही स्वतः लेखी द्या.