प्रवेशाचा हिशेब

परवा सायंकाळी नव्या पेठेतील एक कापडव्यापारी आपल्या आईस व कन्येस घेऊन आमच्या घरी आले. हाती जेईई मेनच्या पहिल्या सत्राचा निकाल होता : ९८.६ पर्सेंटाइल. "सर, शंभराला दीडच कमी. मुंबई आयआयटीत कॉम्प्युटर मिळेल ना?" मुलगी मान खाली घालून बसली होती. दर फेब्रुवारीत हा प्रश्न आपल्या अनेक घरांत उभा राहतो, म्हणून त्याचे उत्तर या वेळी येथेच मांडतो.

पर्सेंटाइल म्हणजे गुणांची टक्केवारी नव्हे; परीक्षेस बसलेल्यांपैकी किती जण आपल्या बरोबरीने वा मागे आहेत, एवढेच ते सांगते. २०२४ साली ही परीक्षा सुमारे १४ लाख १५ हजार विद्यार्थ्यांनी दिली. त्याचे १.४ टक्के काढा. तिच्या पुढे जवळजवळ २० हजार जण उभे आहेत. व्यापारी गृहस्थ हिशेबात पक्के, त्यांनी आकडा मनातल्या मनात ताडून पाहिला आणि म्हणाले, "पण ॲडव्हान्स्डला तर ती बसणारच."

बसेल. २०२४ मध्ये खुल्या गटाची पात्रता-रेषा ९३.२३ पर्सेंटाइलच्या आसपास होती. परंतु ते दार अडीच लाखांसाठी उघडते. त्यांतील १,८०,२०० जणांनी त्या वर्षी ॲडव्हान्स्डचे दोन्ही पेपर दिले, ४८,२४८ उत्तीर्ण झाले, आणि २३ आयआयटींच्या मिळून जागा होत्या १७,७४०. उत्तीर्ण होऊनही दहांतील सहा जणांना जागा नव्हती. मुंबईच्या कॉम्प्युटर शाखेची खुल्या गटाची सर्वसामान्य यादी तर ६८व्या क्रमांकावर संपली. मुलींसाठी २०१८ पासून स्वतंत्र जागा आहेत. ती यादी पुढे सरकते खरी, पण या शाखेपुरता तिचाही शेवट शेकड्यांतच होतो.

"आपला जैन अल्पसंख्याकाचा दाखला आहे की!" आजींनी मध्येच आठवण करून दिली. हा गैरसमज आपल्या समाजात फार पसरला आहे. २०१४ मध्ये केंद्राने जैनांना अल्पसंख्याक दर्जा दिला. त्यामुळे आयआयटीत आपल्यासाठी एकही जागा राखीव झालेली नाही. महाराष्ट्रातील जैन अल्पसंख्याक दर्जाच्या महाविद्यालयांत मात्र तो दाखला उपयोगी पडतो, तेव्हा तो काढून ठेवावा. ज्या घराचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे, त्यांनी ईडब्ल्यूएसच्या इतर अटी पाहून ते प्रमाणपत्रही वेळेत घ्यावे.

आता मुख्य गोष्ट. मेनच्या क्रमांकावरून ॲडव्हान्स्डचा क्रमांक ठरत नाही. ती परीक्षाच निराळी. अंदाज घ्यायचा तर मागील वर्षांचे पूर्ण पेपर घरी, घड्याळ लावून, एकाच दिवशी तीन-तीन तास बसून सोडवावेत. अशा पाच-सहा दिवसांचे गुण ओळीने लिहावेत आणि त्यांतला मधला आकडा धरावा. (पालकांना नेहमी सर्वांत चांगला पेपर आठवतो, मुलांना सर्वांत वाईट.) त्या गुणांना गेल्या वर्षांत कोणता क्रमांक मिळाला असता ते पाहावे, आणि मग जोसाने प्रसिद्ध केलेल्या तीन वर्षांच्या शेवटच्या क्रमांकांशी तो ताडावा. खाजगी शिकवणीच्या जाहिरातीतील छायाचित्रांशी ताडू नये.

हे सांगून मी मुलीकडे वळलो. तिने पिशवीतून वही काढली. शेवटच्या पानावर हा सारा हिशेब तिने जानेवारीतच मांडलेला होता. मधल्या गुणांवरून क्रमांक आठ ते बारा हजारांच्या दरम्यान.

"बाबांना का नाही दाखवलंस?"

"मामाच्या लग्नात त्यांनी सगळ्यांना मुंबई आयआयटी सांगितलंय."

गृहस्थ काही वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी वही स्वतःकडे ओढली आणि चष्मा लावला. एवढ्या क्रमांकावर नव्या आयआयटीतील कमी मागणीची शाखा मिळू शकते, हे मी दाखवले. नागपूरच्या व्हीएनआयटीत निम्म्या जागा महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांसाठी असतात व त्या मेनच्या क्रमांकावर मिळतात; पुण्याच्या सीओईपीतील बहुतेक जागांसाठी राज्याची सीईटी लागते. "एक वर्ष थांबवलं तर?" त्यांनी विचारले. थांबता येते, पण ॲडव्हान्स्ड लागोपाठच्या दोनच वर्षांत देता येते, म्हणजे पुढचा प्रयत्न शेवटचा. आणि ते वर्ष तिचे असेल, म्हणून प्रश्न तिलाच विचारावा.

त्यांनी तिला विचारले. ती म्हणाली, "एप्रिलचं सत्र होऊ दे, मग सांगते."

निघताना दारात चपला घालता घालता त्यांनी विचारले, सीईटीचा अर्ज भरायची शेवटची तारीख कोणती? मी पंचांगाकडे पाहण्यापूर्वीच मुलीने सांगितली.