आरोप न सांगणारे न्यायालय

उत्तन, डोंगरी, भाईंदरची जुनी चर्च आपण येता-जाता पाहतो. गुजरातच्या सुलतान बहादूरशाहने १५३४ मध्ये वसई आणि साष्टीचा हा सारा मुलूख पोर्तुगीजांना दिला. तो १७३९ पर्यंत त्यांच्याकडे राहिला. इथल्या माणसाच्या श्रद्धेची झडती मात्र गोव्यात होई. तिथे १५६० मध्ये ‘इन्क्विझिशन’ म्हणजे धर्मन्यायालय बसले. मूळ पद्धत तेराव्या शतकातल्या युरोपची. पाखंडाच्या चौकशीत छळ करायला पोपने १२५२ मध्येच मुभा दिली होती.

आम्हाला शिक्षेपेक्षा चौकशीची रीत अधिक भयंकर वाटते. शार्ल देलाँ हा तरुण फ्रेंच वैद्य, स्वतः कॅथलिक. बाप्तिस्मा आणि मूर्तिपूजेविषयी तो दमणमध्ये काही मोकळेपणाने बोलला. कुणीतरी चुगली केली. त्याला पकडून वसईमार्गे गोव्याला नेले. तक्रार कुणाची, साक्षीदार कोण, हे त्याला सांगितले नाही. आरोपही नाही! ‘तूच आठव आणि कबूल कर’, एवढेच. कोठडीत त्याने जीव देण्याचाही प्रयत्न केला. सकाळी इतर कैद्यांच्या किंकाळ्या ऐकू येत, असे त्याने पुढे लिहिले. १६७६ च्या जानेवारीत शिक्षा सुनावली: मालमत्ता जप्त, हिंदुस्थानातून हद्दपारी, पोर्तुगालमध्ये ५ वर्षे सक्तमजुरी.

या न्यायालयाचा मुख्य रोख बाटलेल्यांवर होता. जुना धर्म गुपचूप पाळल्याचा संशय पुरे. धर्मांतराच्या आड येणारे हिंदू-मुसलमानही सुटत नसत. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहवर उपचार करणारा नामवंत हकीम गार्सिया द ओर्ता यहुदी वंशाचा होता. तो १५६८ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला जिवंत जाळले आणि १५८० मध्ये त्याची हाडे कबरीतून उकरून जाळली.

हे फक्त परक्यांचे पाप, असे म्हणून आपल्याला हात झटकता येणार नाहीत. बगदादच्या खलिफा मामूनने ८३३ मध्ये ‘मिहना’ सुरू केली. कुरआन निर्माण केलेला आहे, हे आलिमांनी कबूल करावे, असा हुकूम होता. इमाम अहमद बिन हंबल (रह.) यांनी नकार दिला, कैद सोसली, मुअतसिमच्या काळात फटकेही खाल्ले. पुढे मुतवक्किलने ती चौकशी बंद केली. गोव्यातले न्यायालय कायमचे बंद व्हायला १८१२ उजाडले.