मैलांचा मोह आणि प्रवासाचे गणित

मराठवाडा मुक्तिसंग्रामदिनी, 17 सप्टेंबर 2025 रोजी, बीडहून अहिल्यानगरकडे प्रवासी रेल्वे सुटली आणि एका दीर्घ प्रतीक्षेचा पहिला टप्पा संपला. अहिल्यानगर-बीड-परळी या 261 किलोमीटरच्या मार्गासाठी जिल्ह्याने जवळजवळ तीन दशके वाट पाहिली. परळी वैजनाथला रेल्वे पूर्वीपासून होती. जिल्ह्याचे ठिकाण मात्र तिच्यापासून वंचित होते.

बीड म्हटले की दसऱ्यानंतर कोयता घेऊन बाहेर पडणारे ऊसतोड मजुरांचे तांडे डोळ्यांसमोर येतात. परंतु याच जिल्ह्यातील मध्यमवर्गीय घरांतून आज दुसराही प्रवास घडतो आहे. अंबाजोगाई, माजलगाव, गेवराईची मुले-मुली शिक्षण-नोकरीनिमित्त सातासमुद्रापार स्थिरावली असून त्यांचे आईवडील वर्षा-दोन वर्षांनी विमानाने ये-जा करतात. हा प्रवास आता चैन राहिलेला नाही. ती कुटुंबाची गरज झाली आहे. तथापि तिकीट घेताना मात्र दोनच गोष्टी पाहिल्या जातात : सर्वांत स्वस्त कोणते आणि 'मैल' किती मिळणार! हे गणित अपुरे आहे.

प्रवास विमानतळावर नव्हे, घराच्या उंबरठ्यावर सुरू होतो. बीडला प्रवासी विमानतळ नाही. छत्रपती संभाजीनगर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. पुणे त्याहून दूर, मुंबई त्याहूनही दूर. परळी-अंबाजोगाईच्या कुटुंबांना तर बिदर-विकाराबाद मार्गे रेल्वेने गाठता येणारे हैदराबाद अनेकदा सोयीचे. तरीही सवयीने सर्वांची पावले मुंबईकडेच वळतात. तिकिटात वाचलेले चार हजार रुपये खासगी मोटारीच्या भाड्यात आणि मुक्कामात गेले, तर बचत झाली कुठे? त्यात 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबई विमानतळ सुरू झाल्याने, उतरायचे एका विमानतळावर आणि पुढचे उड्डाण दुसऱ्या विमानतळावरून, असा घोटाळा संभवतो. तिकिटावरील विमानतळाचे नाव वाचणे ही यापुढे प्राथमिक दक्षता ठरेल.

दुसरा प्रश्न जोडतिकिटाचा. संपूर्ण प्रवास एकाच तिकिटावर असेल, तर पहिल्या विमानाच्या विलंबामुळे पुढचे चुकल्यास प्रवाशाला पोहोचविण्याची जबाबदारी विमान कंपनीची राहते. दोन स्वतंत्र तिकिटे घेतली, तर दुसरी कंपनी हात वर करते. सामानाचेही तसेच. अमेरिकेच्या तिकिटावर बहुधा 23 किलोच्या दोन पिशव्या चालतात. देशांतर्गत स्वतंत्र तिकिटावर साधारणतः 15 किलोच. मग आईने सांभाळून बांधलेल्या कुरडया-पापडांवर जादा वजनाचा भुर्दंड पडतो.

राहिला प्रश्न मैलांचा. 1981 साली अमेरिकन एअरलाइन्सने ही योजना रूढ केली. तिचा हेतू ग्राहकाला बक्षीस देणे एवढाच नसून त्याला बांधून ठेवणे हाही होता. भारतीय प्रवाशाने तिचे चटकेही सोसले आहेत. 2012 मध्ये किंगफिशर थांबली आणि तिच्या सदस्यांच्या पुंजीला अर्थ उरला नाही. 17 एप्रिल 2019 रोजी जेट एअरवेजचे शेवटचे विमान उडाले. तिचे मैल स्वतंत्र कंपनीकडे असल्याने बुडाले नाहीत, पण ज्या विमानासाठी ते साठविले तेच उरले नाही. 12 नोव्हेंबर 2024 रोजी विस्तारा एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा पॉइंट मात्र नव्या खात्यात गेले. तात्पर्य, मैल ही ठेव नव्हे. कंपनी नियम बदलते तेव्हा त्यांचे मोलही बदलते. एअर इंडियाने 2024 पासून पॉइंट अंतराऐवजी खर्चावर मोजण्यास प्रारंभ केला. दरमहा उडणाऱ्या अधिकाऱ्याला ते लाभाचे. वर्षातून एकदा स्वस्त तिकिटाने जाणाऱ्या निवृत्त शिक्षकाला त्यातून फारसे काही पडत नाही. सदस्यत्व विनामूल्य असल्याने ते जरूर घ्यावे, मिळालेले मैल वेळेत वापरावेत. पण मैलांसाठी महाग तिकीट वा आडवळणाचा मार्ग पत्करू नये.

स्वदेशीचा विचार येथे टाळता येत नाही. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे.आर.डी. टाटांनी कराची-मुंबई टपाल विमान उडविले. त्या परंपरेची एअर इंडिया जानेवारी 2022 मध्ये पुन्हा टाटांकडे आली. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले, तेव्हा उत्तर भारतातून पश्चिमेकडे जाणारी तिची उड्डाणे लांबली, काहींना इंधनासाठी वाटेत थांबावे लागले. हा भार परदेशी कंपन्यांवर पडला नाही. भाडे व सोय तुल्यबळ असेल तेथे भारतीय विमानाला प्राधान्य देणे उचितच. मात्र स्वदेशीचा आग्रह म्हणजे ढिसाळ सेवेला अभय नव्हे. भारतीय प्रवासी दुबई-दोहाला विमान बदलतो, याचे उत्तर त्याला दूषणे देऊन नव्हे, तर आपली सेवा तितकीच भरवशाची करूनच द्यावे लागेल.

परदेशातील मुलामुलींनीही एक ध्यानी घ्यावे. सत्तरीतील आईवडिलांसाठी कमी थांबे, दोन विमानांमध्ये तीन-चार तासांचे अंतर, किमान 48 तास आधी नोंदविलेली चाकांची खुर्ची आणि वाटेतील देशाचा पारगमन व्हिसा लागतो का याची खातरजमा, हे मैलांहून मोलाचे आहे. बीडची रेल्वे परळीपर्यंत पोहोचविण्याचे कर्तव्य शासनाचे. परंतु आईवडिलांचा प्रवास सुखाचा करण्याचे कर्तव्य कोणत्याही योजनेवर सोपविता येत नाही.